शंभराचे सत्तर

निनावे काका इतवारीत, भांड्यांच्या ओळीमागे
एका जिन्याखाली बसतात.
शंभराची तिकिटं सत्तरला देतात.
खोटी नाहीत, वापरलेली नाहीत,
फक्त जुनी : पाठीवरचा डिंक पिवळा पडलेला
आणि कोणाचा तरी धीर सुटलेला.

"भाव चढेल म्हणून घेऊन ठेवली होती जी लोकांनी,
पानंच्या पानं, बटर पेपरात.
चढला तो पोस्टाचा दर."
असं म्हणून ते हसत नाहीत. मोजतात,
अंगठ्याला थुंकी न लावता.

माझं दुकान गांधीबागेत. शिलाई मशीनचे सुटे भाग.
शटल, बॉबिन, दातपट्टी :
कंपनीनं बनवायचं सोडलं,
लोकांनी शिवायचं सोडलं नाही.
गिऱ्हाईक देवरीला, कुरखेड्याला, पार बालाघाटला.
माल चाळीसचा, टपाल छप्पन्नचं.
अशा धंद्यात माणूस कधीतरी जिन्याखाली जातोच.

मे महिन्यात तिकिटं चिकटवायची
तर कूलर बंद करावा लागतो,
नाहीतर पन्नास पैशांचे सारस
दुकानभर उडतात.
सेहेचाळीस डिग्रीत, बनियनवर,
मैद्याची खळ बोटानं फासत
मी छप्पन्न जुळवतो :
दोनची अकरा इंजिनं,
रुपयाचे वीस पुढारी, ज्यांची नावं मी वाचत नाही,
आणि अठ्ठावीस सारस.
वाचले सोळा रुपये ऐंशी पैसे.
घाम वजा केलेला नाही.

पान फाडतानाचा तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.
दोरा संपल्याचं ध्यानात न येता
मशीन चालत राहिली
की कापडावर अशीच भोकं पडत जातात,
ओळीत, नेटकी,
काहीच न जोडणारी.

एकदा एका पानाच्या कडेला पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं :
'विकू नये.'
कडेला किंमत नसते. मी ती फाडली.
पट्टी अजून गल्ल्यात आहे, चिल्लरीखाली.

"काहून जी भाऊ," पौनीकर मॅडम खिडकीतून विचारतात,
"पार्सल पाठवून राहिले का भिंत रंगवून राहिले?"
पत्त्याला मी मधे पोस्टकार्डाएवढं अंगण ठेवतो,
भोवती सगळे दाटीवाटीनं वाकून बघत.
मग एकोणसाठ ठोके.
मागची रांग माझ्या पाठीवर मोजत असते.

देवरीचे कुंभरे टेलर पूर्वी डझनानं मागवत.
यंदा हिवाळ्यापासून एक बॉबिन.
आठवड्यानं पुन्हा : एक बॉबिन.
मी फोन केला, "एकदम घ्या ना, तुमचं टपाल वाचेल."
पलीकडे मशीन थांबली.
"पोरगी आहे जी. खोका आला का
परातीत भिजू घालते.
शिक्क्यातून जे पक्षी वाचते, ते वहीत लावते."
मग जरा थांबून,
"टपाल तर मी पुरं देऊनच राहिलो ना?"

देऊनच राहिले होते. पुरे छप्पन्न, दर खेपेला.
कोणी घेतली, कोणी विकली,
काकांनी सोडली, मी चिकटवली,
आणि त्या तिकिटांना छापल्या किमतीनं
मोजणारा एकच माणूस निघाला,
देवरीला.

"पक्षी आहेत का?" मी जिन्याखाली वाकून विचारलं.
"संपत आले. पुढारी घ्या, पुढारी म्हणाल तेवढे."
उरलं अर्धं पान घेतलं. भाव केला नाही.

मॅडमना काही सांगितलं नव्हतं.
पण परवा इंजिनांवर दणादण हाणता हाणता
सारसांपाशी त्यांचा हात जरा वर अडला,
आणि शिक्का नुसता पायांना लागला,
पाण्यात उभ्या असलेल्या.

बिल करताना पेन पाचावर थांबलं.
मग छप्पन्नच लिहिले. धंदा आहे.
भरपाई म्हणून खोक्यात एक बॉबिन जास्तीची टाकली,
चिकटपट्टी लावली,
आणि लक्षात आलं :
मग पुढच्या आठवड्यात ऑर्डर येणार नाही.

खोका उघडला.
बॉबिन परत काढून घेतली.