उलटी जोडी

सोहार बंदर, गेट चार. रात्रीचे अडीच.
कॅमेऱ्याला वीज आहे, चित्र नाही.
कंटेनरचे नंबर दिसायचे तिथे
नुसत्या हिरव्या मुंग्या.

बशीर मुकादम बोर्डावर भिंग धरतो.
"मॅडम, दोन नंबरची जोडी उलटी आलीय.
अधिकच्या जागी उणे.
पाचशेच्या पाचशे अशीच असणार."

परत पाठवावे, तर आणणारं जहाज कधीच गेलं.
तार उचकटावी, तर ती केसाहून बारीक.

कर्नल स्वतःहून तार चाचपत नाही.
वर्णनात लिहावं तेवढंच त्याला ठाऊक:
घड्याळाची लेन शून्य,
माहितीच्या एक, दोन.
त्याखाली मी एक ओळ वाढवली,
लेनची दिशा: शून्य, शून्य, एक.
इथे उलटं आहे. उलटंच धरून चाल.

पुन्हा चालू केलं.
पडदा दचकला,
आणि दमट काचेपलीकडे
एक ट्रेलर,
आत जांभई देणारा बलुची ड्रायव्हर.

हर्णैत तेव्हा चार वाजलेले, सहरीची वेळ.
बशीरने दाराशी जाऊन फोन लावला.
"ऐक, कॉन्ट्रॅक्ट शाबानमध्येच संपलं.
सांगायचं राहिलं होतं."

मी ट्रेलरचा नंबर वहीत लिहीत बसले.
मशीन लिहीत होतंच.