बाकी

स्वान्सीच्या त्या खोलीत पेन नेता येत नाही.
फोन बाहेर, कागद बाहेर, डबासुद्धा बाहेर.
कार्ड दाखवलं की दार उघडतं
आणि आत सगळा वेल्स झोपलेला असतो,
नावं काढून.

नावाच्या जागी एक लांबलचक क्रमांक.
घराच्या जागी गट: एक म्हणजे सगळ्यात वंचित,
पाच म्हणजे ज्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो.
मी एकातली.
म्हणजे आमचं खोरं एकातलं,
वर, जिथे बस वळून परत फिरते
कारण पुढे रस्ताच नाही.

तीन वर्षं झाली.
माझा पहिला प्रश्न साधा होता:
माणूस कुठे जन्मला यावरून
त्याचा दम किती वर्षं पुरेल हे सांगता येतं का?
येतं.
किती, ते लिहीत नाही. तो आकडा अजून
तपासनिसानं खोलीबाहेर सोडलेला नाही.

नियम असा की एखाद्या चौकटीत
पाचांपेक्षा कमी माणसं उरली
तर आकडा छापायचा नाही,
तिथे चांदणी टाकायची.
मेलेल्यांच्या चांदण्या होतात, असं लहानपणी ऐकलं होतं.
होतात.
पण थोडीच असली तर.

दुसरा प्रश्न अवघड.
एकंदर आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?
शून्य ते दहा.
इथे माझं गणित ढेपाळतं.
छाती गेलेली, गुडघे गेलेले, भिंतीला ओल,
आणि उत्तर सात.
ओळीनं सात.
मी उत्पन्न घातलं, सिगारेटी घातल्या,
शाळा सुटली ते वय घातलं,
तरी काहीतरी उरतंच,
हातचा धरायचा राहून गेल्यासारखं.
आमच्यात त्याला बाकी म्हणतात
आणि प्रकरणाच्या शेवटी दोन ओळींत मिटवतात.

मार्चमध्ये वडिलांचा फोन आला.
सर्व्हेवाली येऊन गेली, तासभर बसली,
आपलं नाव चिठ्ठीत निघालं म्हणे.
मग काय सांगितलंत?
सात.
बाकी काय?
बाकी काही नाही.

ऑगस्टात नवी फाईल आली.
त्या दुपारी खोलीत मी आणि एसीची घरघर.
लिहिलं: पुरुष.
मग: वय अडुसष्ट ते सत्तर.
मग: श्वसनाचा आजार, आहे.
मग: वरचं खोरं.
पाचवी ओळ लिहिली असती,
खाणीनंतर पडदे शिवायच्या कारखान्यात,
तर इड्वल प्रिदरो एकटे उभे राहिले असते पडद्यावर,
नावाशिवाय,
मला कधी न सांगितलेल्या
एक्सरेच्या तारखांसकट.

बोट एंटरवर होतं.
शिक्षेचं कलम असलेल्या कागदावर मी सही केली आहे,
पण थांबले ती त्यामुळे नाही.
त्यांनी ते अख्ख्या देशापासून लपवलं नव्हतं,
फक्त माझ्यापासून.
चारही ओळी पुसल्या. खुर्ची आत सरकवली.

रविवारी बसनं वर गेले.
शेजारच्या मेग प्रॉसरनं पुडीतून केक दिले,
अजून शिकतेच आहेस का गं, म्हणाली.
वडील जिना चढताना पाचव्या पायरीशी थांबतात.
तिथे भिंतीवर त्यांच्या रग्बीच्या टीमचा फोटो.
तो सरळ करतात,
दोन्ही हातांनी, सावकाश.
आमच्या घरात इतकी सरळ टांगलेली
दुसरी वस्तू नाही.
मी खाली चहाचा कप धरून
मोजत नाही असं दाखवत मोजते.
एकेचाळीस सेकंद.

रात्री विचारलंच: सातच का?
म्हणाले, पोरगी चिंब भिजून आली होती.
दाराशी बूट काढले तिनं, मोज्याला भोक.
तिला कमी कसं सांगायचं?
मग टीव्हीचा आवाज लहान करून:
आठ म्हणणार होतो.
त्या आठवड्यात तुझा फोन नव्हता आला.

बाहेर डोंगरावरच्या मेंढ्यांनी
मेगचा कचऱ्याचा डबा लवंडला.
मी बघते, म्हटलं.
तोवर ते दाराशी पोचलेही होते,
चौकट धरून.