दोन डावे हातमोजे

एकोणतीस वर्षं मी बंदरावरच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी केली.
एका सेंटसाठी रात्री जागवल्या.
ही वही कशी लिहायची ते
मला तरी कळायला हवं होतं.

खर्च:
लोकर, लेइदाच्या त्या काळतोंड्या द्वाड मेंढीची.
कांद्याची सालं पोतंभर, वर्षभर राखलेली.
रंग यायचा होता केशरी,
आला कालच्या चहाचा.
विणायला संध्याकाळी चौतीस,
आणि आमच्या या बेटावर नोव्हेंबरात
संध्याकाळ दुपारी साडेतीनलाच येऊन बसते,
उठायचं नाव घेत नाही.

जमा:
हातमोजे, नग दोन.
दोन्ही डाव्या हाताचे.

उसवते म्हटलं.
तोवर आगोने ते चढवलेसुद्धा होते,
उजवीकडचा अंगठा
रुसल्यासारखा पाठीकडे वळलेला.
"कुऱ्हाडीला काय कळतंय," म्हणाला
आणि बर्चचे ओंडके फोडायला गेला.

पावाचं विरजण लेइदाने दिलं
मुरंब्याच्या बरणीत, झाकण सैल ठेवून.
"आभार मानू नकोस," तिने बजावलं,
"मानलेस की फुगणार नाही."
मी कसली गप्प बसते!
पहिले तीन पाव असे निघाले
की एक अजून लाकूडखोलीच्या दाराला
टेकण म्हणून लावलेला आहे.
चौथ्यांदा गेले, बरणी उचलली,
मान फिरवून तरातरा परत आले,
भांडण झाल्यासारखी.
तो फुगला.

तानेल तालिनहून फोनवर हसतो.
"आई, दोन युरोला मिळतो गं पाव. कापलेला."
मिळतो बाबा. हिशेब तुझाच बरोबर.
मी त्याला बटाट्यांचं सांगत नाही:
एप्रिलात ढकलगाडीने वाहिलेलं समुद्रगवत,
त्याचा आठवडाभर केसांत राहिलेला वास,
आणि सप्टेंबरात मातीतून निघालेली
ती बेशिस्त पोरं,
एकाला नाक, एकाला पोक,
दोन एकमेकांना चिकटलेली.
सोलायला ताप. उकडल्यावर फुटतात
आणि आतून पीठ दिसतं,
त्यावर लोणी टाकलं की आम्ही दोघं
बराच वेळ बोलत नाही.

माझी आई हे सगळं करायची.
हौस म्हणून नव्हे.
तेव्हा दुकानात रांग होती
आणि रांगेच्या टोकाला
रिकामी फळी पुसणारी बाई.
आई म्हणायची, आकडे शीक,
हात मऊ राहतील तुझे.
राहिले, आई. साठीपर्यंत राहिले.
आता बोटांना चिरा पडतात,
त्यांत मी मेण चोळते,
सफरचंदाखालच्या दोन पेट्यांमधलं,
आणि मनात तुला समजावत राहते
की हे मी मागून घेतलंय.
तू बहुतेक म्हणशील, वेडी आहेस.
म्हणशील आणि मग
पावाचा कडेचा तुकडा आधी उचलशील,
नेहमीसारखा.

आज शनिवार. आगोने सौनाची भट्टी पेटवली आहे,
धूर सरळ वर चाललाय, म्हणजे उद्या गारठा.
तळघरात बटाटे नऊ पोती,
सफरचंदांत दोन सडकी, ती बाजूला काढली.
उद्यापासून दोन उजवे विणायला घेणार आहे.
डावे तोवर चुलीवरच्या दांडीवर वाळताहेत,
दोन्ही अंगठे एकाच दिशेला,
लेइदाच्या घराची वाट दाखवल्यासारखे.

वहीत शिल्लक लिहायची राहिली.
मीठही संपलंय.
चहूकडे समुद्र,
आणि मीठ मात्र दुकानातून आणायचं.