समासातला रकाना

दिल्लीत आरोग्याच्या संसदीय समितीला नव्या अध्यक्षा आल्या,
हे मला कळलं आइसपॅक पुसताना.
पेपर अकरा दिवसांचा जुना. फोटो निम्मा भिजलेला,
चष्मा तेवढा कोरडा राहिला.

मौला नदाफ गाडी धूत होता, त्याला सांगितलं.
म्हणाला, "मग? डिझेलचं बिल निघंल का?"

हसू नका. निघतंही कधी कधी.
इथं, जत तालुक्यात, संखच्या पुढं,
जिथं एसटीतली माणसं अर्धं वाक्य मराठीत
आणि उरलेलं कानडीत संपवतात,
तिकडची खुर्ची बदलली की दोन-अडीच वर्षांनी
माझ्या रजिस्टरात एखादा रकाना सरकतो.
मी अध्यक्ष ओळखते ते रकान्यांवरून.

एक हृदयाचे डॉक्टर होते म्हणे.
तेव्हा रक्तदाबाची मशीनं आली, गावातले झाडून सगळे दंड मोजले.
मग सेल संपले.
नंतरच्यांना संगणकाची हौस: टॅब आला,
आणि रेंजसाठी बिरोबाच्या टेकाडावर चढून
मी पोरांची वजनं दिल्लीला पाठवली.
मधले एक जण कशासाठी होते ते कळलंच नाही.
त्यांच्या काळात रजिस्टरचा पुठ्ठा
निळ्याचा हिरवा झाला, बस.

समिती हुकूम देत नाही, एवढं मलाही कळतं.
ती शिफारस करते. सरकार उत्तर देतं: नोंद घेतली.
मी तेवीस वर्षं तेच करतेय.

गौराव्वा पुजारी. वय सव्वीस. खेप तिसरी.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
गाडीसाठी फोन: एक वाजून दहा.
जतला पोचली: पाच वीस.
पुढं कारणाचा रकाना, तोही भरला. अक्षर चांगलं आहे माझं.
गाडी त्या दुपारी सांगलीला बैठकीला गेली होती,
हे लिहायला जागा नव्हती.
आणि मधल्या चार तासांत ती मला विचारत राहिली,
"इन्ना एष्ट होत्तु, बाई?"
मला कानडी निम्मीच येते, पण
अजून किती वेळ, हे कुठल्याही भाषेत कळतं.
मी म्हणत राहिले, आलीच. आलीच.

तेव्हापासून उजव्या समासात शिसपेन्सिलीनं रेघ मारते.
वर लिहिते: वाट पाहिली. खाली तास, मिनिटं.
तपासणीचे साहेब विचारतात, हे काय नवीन?
नमुन्यात नाही म्हणतात, खोडायला लावतात.
मी खोडते.
त्यांची जीप नाल्यापलीकडं गेली की पुन्हा मारते,
म्हणून त्या बाजूची पानं जरा मळकी दिसतात.

बातमीच्या शेवटी होतं:
समितीनं लोकांकडून सूचना मागवल्यात, मुदत पंधरा दिवस.
अकरा गेलेच होते.
मौलाची थोरली, जैबुन, कॉलेजात आहे, तिनं टाइप केलं.
मराठी चालेल का, म्हणाली. म्हटलं, असू दे.

माननीय अध्यक्षा,
मशीन नको, टॅब आहे, चालतो कधी कधी.
एक रकाना द्या. छापील.
देशभरच्या रजिस्टरांत, फोनच्या वेळेला लागून, अमुक इतक्या रुंदीचा.
(रुंदी मी मोजून दिली. दोन बोटं.)
एकदा तो आला की भरावा लागेल,
भरला की बेरीज करावी लागेल,
आणि बेरीज बघून कुणाला तरी खुर्चीत
थोडं अवघडल्यासारखं होईल.
माझं मागणं इतकंच आहे.
आपली, आरोग्यसेविका, सही, शिक्का.

परवा पोचपावती आली. नऊ आकडी क्रमांक.
कुठं ठेवायचा सुचेना, समासात लिहिला,
गौराव्वाच्या खाली. पुढची जागा कोरी.

बाहेर मौलानं गाडी सुरू केली.
बालगावला कुणाच्या तरी कळा वाढल्यात.
मी घड्याळ बघितलं,
पेन्सिल अंबाड्यात खोवली.