तुमचा आवाज गेला होता

गुरुवारी चारला मी गाडीत जाऊन बसतो.
घराच्या भिंती फळकुटांच्या,
शेजारी आबेलार्दो खोकला तरी इकडे पोर जागी होते.
तेव्हा रडायला, किंवा आपण रडत नाही हे सांगायला,
खोली म्हणजे ही एकच :
पुढची सीट, मागे दोरांचा ढीग, डिझेलचा वास.
फोन स्टिअरिंगला रबरबँडने बांधलेला.

केयोनच्या टेकडीवर, दफनभूमीच्या फाटकापाशी
रेंजच्या दोन दांड्या मिळतात.
मेलेल्यांनाच बरी रेंज, ओरियाना म्हणते
आणि लगेच जीभ चावते.

यास्ना असते पुंता अरेनासला.
तिच्यामागे पांढरं दार,
दारावर टांगलेला पिवळा रेनकोट.
तीन महिने मी तिच्याशी कमी, त्या रेनकोटाशी जास्त बोललो.
"शरीरात कुठे जाणवतं?"
मनगटात.
"कोणत्या?"
उजव्या.
इथवर यायला सहा गुरुवार लागले.

कॉम्प्रेसर, नळी, जाळं, एलादियो.
शब्द सगळे येतात मला.
चौकशीच्या साहेबांपुढे ओळीने मांडले होते,
बाजारात शिंपले मांडतात तसे,
मिटलेले.

त्या दिवशी वारा सुटला होता,
गाडी उभ्या जागी डुलत होती.
मी म्हटलं, आज सांगतो.
आणि सांगितलं,
नजर स्पीडोमीटरवर, काटा शून्यावर.
अठरा मीटर खाली. पाणी हिरवं, मग तपकिरी.
माशांच्या पिंजऱ्याचं जाळं त्याच्या नळीभोवती.
सुरी काढली, दोन पीळ कापले,
तिसरा सापडेना.
दोर तीनदा ओढला.
मग वर आलो, मदत आणायला.
एवढंच.

मान उचलली तर यास्ना
तोंड अर्धं उघडं ठेवून थिजलेली,
एक डोळा मिटता मिटता राहिलेला,
रेनकोटाचे नुसते चौकोन.
केव्हापासून, कोण जाणे.

मग हलली.
"निबाल्दो, तुमचा आवाज गेला होता.
'नळी'पर्यंत ऐकलं मी. त्यापुढे?"

आधी हसू आलं. मग असा राग,
की फोन काढून भिरकवावा थेट थडग्यांत.
काचेवर वाफ धरली होती.
बोटाने तिला एक भोक पाडलं :
फाटकाशी कुणाचं तरी कुत्रं
पाठमोरं बसलेलं, भिजत, कुणाचीच वाट न बघता.

बरं, म्हटलं. पुन्हा.
अठरा मीटर. हिरवं, मग तपकिरी.
सुरी. दोन पीळ. तिसरा सापडेना.
आणि इथे,
पहिल्या खेपेला जे वाक्य नव्हतंच
ते आलं, मला न विचारता :

त्यानं माझं मनगट धरलं होतं.

मी एकेक बोट सोडवलं.
अंगठा आधी.
करंगळी शेवटी,
तिला वेळ लागला,
लहानपणी मोडून वाकडी बसली होती ती.

पलीकडून काही नाही.
मी घाबरून बघितलं. थिजली नव्हती,
पापण्या हलत होत्या.
दाराआडून कुणी पोरगं शीळ घालत गेलं,
रेनकोट किंचित हलला.
"करंगळी," ती म्हणाली.
आणखी काही नाही म्हणाली.
माझी चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती,
तिने घड्याळाकडे पाहिलं नाही.

घरी आलो. ओरियाना मिल्काओसाठी बटाटे किसत होती.
"उशीर झाला?"
रेंज नव्हती.
तिने किसणी माझ्याकडे सरकवली.
मी डाव्या हाताने घेतली.
उजवा अजून तिकडेच होता.