पत्र्यातला ळ

उधारी वसूल करायला गेले होते दाणाबंदरात,
तीन महिन्यांपूर्वीच्या बॅनरचे साडेचार हजार,
आणि शेठ नेहमीप्रमाणे आत्ताच बाहेर पडलेले.
बसा म्हणाले. बसायचं म्हणजे पोत्यावर.
समोरही पोतीच, पार पत्र्यापर्यंत,
आणि एकेकावर निळ्या शाईत
तूरडाळ.

मी कोपरखैरण्याला फ्लेक्स करते, अकरा वर्षं.
वाढदिवस, दहावं, गटाराच्या कामाबद्दल जाहीर आभार.
दिवसाला किती ळ जातात माझ्या हाताखालून,
एकाचंही तोंड नीट पाहिलेलं नव्हतं.
कॉम्प्युटरमधला ळ असतो
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा,
अंग चोरून, मिळेल त्या जागेत.

हा तसा नव्हता.
हा मांडी घालून बसला होता पाटावर,
डावा गोल आवळलेला, उजवा ऐसपैस,
आणि दोन्ही गोलांना एकेक बारीक फट,
तिथे शाई नाही,
नुसतं गोणपाट.

कुणी केलं हे, विचारलं.
हमालाने मानेनेच दाखवलं काट्यामागे.

सर्जेराव पिसाळ. पाठ गेल्यापासून शिक्क्यांवर.
तेलाच्या डब्याचा पत्रा, छिन्नी, जुना कानस.
पत्रा उलटा केला तर मागे अर्धं सूर्यफूल.
"पूल ठेवायला लागतो, ताई," म्हणाले,
"न्हाईतर पोट गळून पडतं अक्षराचं."
आणि खोक्यातून काढून दाखवला पहिला पत्रा,
ज्यात ते पडलं होतं:
दोन नुसती भोकं.
"चाळीस पोती गेली अशी. तूरडा,
आन् फुडं दोन डाग."
हसले. मग खोकले. मग परत हसले.

आणि हा उजवा गोल मोठा का?
यावर जरा लाजल्यासारखे झाले.
"आडनावात हाय ना माझ्या. सही करताना असाच येतो.
मास्तर म्हणायचे, पिसाळ, तुझा ळ पळतोय बघ."

म्हणजे तूर कुठली का असेना, डाळ कुठे का शिजेना,
वाशीतून निघालेल्या प्रत्येक पोत्यावर
एका माणसाच्या सहीचं शेवटचं अक्षर.
हे त्यांना म्हटलं नाही.
चहा आला होता, तो प्यायले.

परतीची वाट त्रासाची झाली.
सगळं दिसायला लागलं.
झाडाला टांगलेला टायर, आणि त्याच्या गोलाईवर
पांढऱ्या रंगात वळत गेलेलं पंक्चर,
र ला जागा पुरली नाही म्हणून तो वॉल्व्हपाशी उभा.
टँकरच्या पाठीवरचा फोन नंबर, त्यातले तिन्ही आठ
तीन बहिणींसारखे, सारखे आणि निराळे.
ताडगोळेवालीची पाटी, खडूने,
गोळे लिहिताना ती थांबली असणार, हात पुसला असणार,
कारण तिथून पुढे अक्षर ओलसर आहे.
बस चुकली. दुसरीही जाऊ दिली.

संध्याकाळी बाळाराम यांचा वाढदिवस होता,
बारा बाय आठ, शुभेच्छुक बत्तीस.
मी फॉन्टचा ळ काढून टाकला
आणि माऊसने नवा काढत बसले,
पंचवीस मिनिटं, एका अक्षराला,
उजवीकडे सैल,
आणि भोवती अंगठाभर मोकळी जागा.

परागने मागून पाहिलं.
"इथे रिकामं दिसतंय. अजून एक फोटो बसेल."
म्हटलं, नाही बसणार.
पूल आहे तिथे.
त्याने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं,
आणि लाईट बिलाचं काहीतरी बोलत निघून गेला.

साडेचार हजार अजून यायचेत.
गुरुवारी परत जाईन.
शेठ नसले तरी चालेल.