उलटं पाणी

तुर्भ्याच्या त्या सातमजली इमारतीचा नकाशा
कुणाकडेच नव्हता.
होते फक्त इद्रीसचाचा, जुने प्लंबर,
भिंतीला कान लावून सांगणारे –
"ही पिण्याची. ही फ्लशची. ही... थांबा जरा."

तळघरात टॉर्च. पंपाची घरघर.
चौथ्या मजल्यावर मोरीत एक हिरवी नळी,
नळाला तारेनं आवळलेली,
दुसरं टोक फिनाइलच्या बादलीत बुडालेलं.
मी वहीत लिहिलं: धोका.
लादी पुसणारी सुभद्रा म्हणाली,
"पाणी खालीच जातं ना, बाई?"

नेहमी नाही.
रस्त्यात कुठे पाइप फुटला, दाब पडला,
की ते मागे वळतं,
जाता जाता बादलीतला घोट ओढून घेतं
आणि कुणाच्या तरी चहात जाऊन बसतं,
वेलचीखाली वास लपवून.

तिनं नळी उपसली, झटकली, खुंटीला टांगली.
मग पदराला हात पुसून
माझ्यासाठी कूलरचा ग्लास भरून आणला.
त्याच मजल्यावरचा.

नमुन्याच्या बाटलीची चिठ्ठी
माझ्या बोटालाच चिकटून बसली होती.
इद्रीसचाचा भिंतीकडे बघत होते.
ग्लास गार होता.
मी तो दोन्ही हातांत धरून उभी राहिले,
बरं दिसतं त्याहून जास्त वेळ.